निकोडेमस : गाव मागे गेलं, गाडी वळवा

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं निकोडेमस बघायला कॅन्सस सिटीहून पाच तास गाडी हाकली आणि गाव सोडून पुढे निघून गेलो. हायवे २४ वर पाटी आहे, चूक माझीच. मी शेतातली ज्वारी बघत होतो. हो, ज्वारी! कमरेएवढी, तांबूस कणसांची. आमच्या सोलापूरकडच्या माणसाला ती ज्वारी वाटतच नाही. इथे ती जनावरांच्या पोटात नाहीतर इथेनॉलमध्ये जाते, भाकरीचं नाव नाही.

तर निकोडेमस. गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णीय कुटुंबं १८७७ साली केंटकीहून इथे वसायला आली. जाहिरातीत नंदनवन होतं. प्रत्यक्षात घर बांधायला लाकूडसुद्धा नाही. मग जमीन खोदून तिच्यातच राहिली. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी विचारलं, गाव कुठाय? नवऱ्याने जमिनीतून वर येणारा धूर दाखवला. त्यांना रडू कोसळलं. त्या माळावर उभं राहिलं, अंगावर वारा आला की यात नवल वाटत नाही.

तरीही दहा वर्षांत इथे हॉटेलं, बँक, दोन वर्तमानपत्रं झाली. १८८८ मध्ये रेल्वे सॉलोमन नदीच्या पलीकडून गेली आणि दुकानदार बिऱ्हाड उचलून तिकडे, बोग नावाच्या गावी गेले. आज वस्ती अगदी तुरळक आहे.

पाहायला जुन्या इमारती पाचच. सुरुवात १९३९ च्या टाउनशिप हॉलपासून करा; माहिती केंद्र तिथेच आहे, तिकीट नाही. उघडण्याचे वार-वेळा निघण्याआधी बघून घ्या. तिथल्या रेंजरशी (माहिती देणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याशी) निवांत बोला, नाहीतर वीस मिनिटांत ‘झालं बघून’ म्हणाल. चर्च, शाळा, जुनं हॉटेल मी बाहेरूनच पाहिलं. आजूबाजूला लोक राहतात, कुणाच्या अंगणात शिरू नका. जुलैअखेरीस इथल्या कुटुंबांचे वंशज देशभरातून परततात. गाव भरलेलं बघायचं तर तेव्हा जा, फक्त उन्हाची तयारी ठेवा.

पूर्वेकडून येताना हेज शहरातून हायवे १८३ ने स्टॉकटन, मग हायवे २४ ने पश्चिमेला. डेन्व्हरवाल्यांनी वाकीनी गावाहून हायवे २८३ ने हिल सिटी गाठावं आणि पूर्वेला वळावं. पेट्रोल स्टॉकटनला किंवा हिल सिटीलाच भरा, गावात पंप नाही.

आणि डबा घ्या. आम्ही ‘तिथे काहीतरी मिळेल’ म्हणून निघालो आणि चौघांनी चिवड्याच्या एका पुडीवर दुपार काढली.