ऊस हंगामाआधी दारातच ट्रकचं ऑईल बदलताना

कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधीचे आठ-पंधरा दिवस हेच ट्रकचं ऑईल आणि फिल्टर बदलायचे खरे दिवस. एकदा गव्हाणीत मोळी पडली की गाडी फडातून कारखान्यावर आणि कारखान्यावरून फडात, मधे निवांत वेळ मिळत नाही. काम अवघड नाही. सपाट जागा, मापाचे पाने आणि अडीच-तीन तास असले की ते दारात होतं. मात्र स्वच्छता हवी, कारण आपल्याकडे इंजिनाला खाते ती धूळ.

हातपुस्तिकेत ऑईल बदलायचे किलोमीटर दिलेले असतात, पण मोठा आकडा असतो तो चांगल्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा. धुळीचे रस्ते, जास्त भार, घाट आणि उभ्या गाडीत चालू राहणारं इंजिन यांच्यासाठी बहुतेक पुस्तिकांत वेगळा, कमी आकडा असतो. ऊस वाहणाऱ्या गाडीला यातलं सगळंच लागू होतं. त्यातही उभ्यावर चाललेले तास कुणी मोजत नाही. एक तास म्हणजे सुमारे 40 किलोमीटर असा ढोबळ हिशोब धरा. कारखान्याच्या रांगेत नंबर येईपर्यंत रोज 3 तास इंजिन चालू राहिलं आणि हंगाम 120 दिवस चालला, तर झाले 360 तास. म्हणजे मीटरवर न दिसलेले 14,400 किलोमीटर. ट्रॅक्टरवाल्यांचं यात बरं आहे, त्यांच्याकडे तासांचंच मीटर असतं.

ऑईल काळं पडलं म्हणजे संपलं, हा समज काढून टाका. डिझेल इंजिनात नवं ऑईल पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. गेज पट्टीवरचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर सोडा आणि दोन-तीन तास तसाच ठेवा. काळेपणा मधून कडेपर्यंत हळूहळू फिका होत पसरला, तर ऑईलमध्ये अजून दम आहे. मधोमध डांबरासारखा घट्ट ठिपका बसला आणि त्याची कड कापल्यासारखी दिसली, तर काजळी पेलायची ताकद गेली. बोटांवर चोळल्यावर बारीक रेतीसारखं करकरलं तर नुसतं ऑईल बदलून भागणार नाही. धूळ एअर फिल्टरच्या पुढच्या रबरी पाइपातून आत येतेय. तिथली क्लिप ढिली असते किंवा पाइप खालच्या अंगाला, सहज न दिसणाऱ्या जागी चिरलेला असतो. एअर फिल्टर टायरवर आपटून झाडायची सवयही सोडाच. त्यानं कागद फाटतो, कड वाकते, आणि मग फिल्टर बसवला काय न बसवला काय, सारखंच.

आता कोणतं ऑईल. बीएस-3, बीएस-4 या जुन्या धूर-मानकांच्या बहुतेक डिझेल गाड्यांना 15डब्ल्यू-40 घट्टपणाचं, सीआय-4 किंवा सीआय-4 प्लस दर्जाचं ऑईल चालतं. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांचं वेगळं आहे. सायलेन्सरच्या रांगेत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर सीके-4 दर्जाचं किंवा पुस्तिकेत सांगितलेलं कमी राखेचंच ऑईल हवं. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी गाडी तापवून जाळते, पण ऑईलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती साठतच जाते. लिटरमागे वाचवलेले थोडे पैसे तिथे कितीतरी पटीनं जातात. उन्हाळा कडक म्हणून आपल्या मनानं 20डब्ल्यू-50 ओतणारेही भेटतात. परभणीत मे महिन्यात पारा 43 च्या पुढे जातो हे खरं, पण थंडीत तिथेच तो एक आकडी होतो. पुस्तिकेत परवानगी असेल तर वर्षभर 15डब्ल्यू-40 पुरतं.

किती लागेल? चार सिलिंडरच्या पिकअप-टेम्पोला साधारण 6 ते 10 लिटर, 5.9 लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाला फिल्टरसकट 15-16 लिटरच्या आसपास. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच धरा आणि एक लिटर जास्त आणून ठेवा. कॅनचं सील, बॅच नंबर आणि महिना दुकानातच बघा. रिकामा झालेला कॅन भंगारात देण्याआधी चिरून टाका, कारण नकली ऑईल अशाच चांगल्या कॅनमध्ये भरून परत विकायला येतं.

गाडी सपाट जागेवर घ्या. हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. ट्रकचं चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑईलची टाकी, हाताला येतं, म्हणून जॅक लावायची गरजच नाही. पिकअप उचलावा लागला तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरू नये, पक्के स्टँड लावा. केबिन उचलून काम करत असाल तर तिचा आडसर बसलाय हे हात लावून तपासा.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑईल पातळ असतं, तळाचा गाळ घेऊन उतरतं. लांबून आलेल्या गाडीचा चेंबर नट, म्हणजे ऑईल सोडायचा तळाचा नट, मात्र लगेच खोलू नका. त्या ऑईलनं हात भाजतो, आणि हात झटकला की नट घमेल्यात. चेंबर नट उघडण्याआधी त्याच्या भोवतीची माती ब्रशनं आणि डिझेलच्या चिंधीनं काढा, फिल्टरच्या डोक्याभोवतीचीही. वाळलेली काळी माती पान्याच्या एका धक्क्यानं थेट आट्यांत पडते. भरायचं झाकण ढिलं करा म्हणजे धार एकसारखी येते. खाली पंधरा-वीस लिटर मावेल असं भांडं हवं. घमेलं मोठ्या गाडीला पुरत नाही, कापलेला मोठा कॅन बरा.

नटाला मापाचा रिंग पाना किंवा गोटी पानाच लावा. फिक्स पान्यानं कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी छिन्नी घ्यावी लागते. शेवटचे दोन आटे हातानं, नट आतल्या बाजूला दाबून धरत सोडवा आणि मग झटकन बाजूला घ्या. धार संपली तरी वीस मिनिटं थेंब गळू द्या. नटाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, मलमासारखा थर असणं ठीक आहे. त्यात बोटाला टोचणारा कण किंवा चकचकीत तुकडा लागला तर गाडी हंगामात घालण्याआधी मिस्त्रीला दाखवा.

तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा घाला. एकदा दबलेला वायसर परत नीट बसत नाही. मग थेंब दिसतो, माणूस नट आणखी आवळतो, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे निघून येतात. वायसर काही रुपयांचा, चेंबर काही हजारांचं. नट आधी हातानं पूर्ण फिरवून घ्या, मग साध्या लांबीच्या पान्यानं आवळा. पान्याला पाइप लावून ओढू नका. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतला आकडा लावा.

फिल्टरला पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना लावा. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायला गेलात तर पत्रा फाटतो आणि बूड तिथेच चिकटून राहतं. जुना फिल्टर निघाला की त्याचं रबर त्याच्याबरोबर आलंय का ते बघा. हे न बघणं ही या कामातली सगळ्यात महागाची चूक. जुनं रबर इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवं बसलं, तर उभ्यावर काही दिसत नाही. रेस दिली की दाब वाढतो, रबर सरकतं आणि मिनिटभरात ऑईल रस्त्यावर येतं. चढावर भरलेली गाडी असेल तर लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. जुन्या गाड्यांत वाटीचा फिल्टर येतो. तिथे वरच्या खाचेतलं रबर सुईनं उचकून काढावं लागतं, नवं बसवताना ते पिळवटलेलं नाही ना हे बोट फिरवून बघा.

नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ताजं ऑईल लावा. उभा बसणारा फिल्टर आधी भरून लावायचा असेल, आणि पुस्तिकेत त्याला मनाई नसेल, तर ऑईल कडेच्या बारीक भोकांतून हळूहळू ओता, मधल्या मोठ्या भोकातून नाही. मधलं भोक म्हणजे गाळून झालेल्या ऑईलची वाट; तिथे पडलेली कचऱ्याची कणी सरळ बेअरिंगवर जाते. रबर टेकल्यानंतर हातानं पाऊण ते एक फेरा, बस. फिल्टरवर वेगळं छापलेलं असेल तर तसं करा. पाना फक्त काढायला.

नरसाळं, म्हणजे आपली चाडी, आतून कोरड्या कपड्यानं पुसून घ्या. खताची किंवा पाण्याची असेल तर घेऊच नका. 15 लिटरची गाडी असेल तर आधी 13 ओता. इंजिन बंद करायला स्टॉपची दोरी ओढावी लागते अशा जुन्या गाडीत ती ओढून धरा आणि दहा-पंधरा सेकंद स्टार्टर मारा. इंजिन न पेटता पंप ऑईल वर चढवतो. नंतर चालू करा. ऑईलचा दिवा पाच-दहा सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर तत्काळ बंद. पहिली दोन-तीन मिनिटं रेस देऊ नका. टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची, दांडी ऑईलच्या पातळ थरावर तरंगते, आणि तिथपर्यंत दाब पोचायला वेळ लागतो.

बंद करून दहा मिनिटं थांबा. पट्टी पुसा, घाला, काढा, वाचा. थोडं-थोडं ओतत वरच्या खुणेच्या किंचित खाली आणा. वरच्या खुणेपलीकडे भरलं की क्रँक ऑईल घुसळतो, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. जास्त झालेलं ऑईल इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदर पाइपातून) टर्बोकडे गेलं, तर इंजिन ऑईलवरच पळायला लागू शकतं. मग चावी बंद करूनही थांबत नाही. चालता-चालता पातळी आपोआप वाढली तर त्यात डिझेल किंवा पाणी मिसळतंय. वास डिझेलचा असेल तर इंजेक्टर आणि पंप तपासा, रंग ताकासारखा असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑईल कूलर.

जुना फिल्टर फेकण्याआधी कापून बघा. हॅक्सॉ वापरू नका, तिचा बुरा आत पडून फसवतो. पत्रा कापायची कात्री घ्या. कागदाच्या घड्या पंख्यासारख्या उलगडा आणि उन्हात तिरप्या धरा. काजळीत विखुरलेले बारीक ठिपके चालतात. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा मऊ थर झिजून खालचं तांबं उघडं पडलंय. चुंबकाला चिकटणारी कणी लोखंडाची, न चिकटणारी रुपेरी बहुधा पिस्टनची. हे दहा मिनिटांत कळतं, इंजिन न उघडता.

निघालेलं ऑईल गळक्या नसलेल्या कॅनमध्ये भरा आणि अधिकृत पुनर्वापर केंद्राला किंवा ते घेणाऱ्या गॅरेजला द्या. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑईल येतं. नाल्यात, बांधावर किंवा बोअरच्या आसपास ओतलेलं ऑईल पहिल्या पावसात खाली उतरतं, आणि आपलं सगळं पाणी तिथूनच येतं. गोचिडासाठी जनावरांच्या अंगाला ते लावू नका. त्यातली रसायनं कातडीला घातक आहेत, जनावरांच्या आणि आपल्याही. काम झालं की हात डिझेलनं न धुता साबणानं धुवा.

फिल्टरच्या पोटावर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहा, इंजिनतासांचं मीटर असेल तर तेही. पहिल्या खेपेनंतर चेंबर नट आणि फिल्टरची कड चिंधीनं कोरडी पुसून त्यावर टाल्कम पावडर शिंपडा. दहा मिनिटं इंजिन चालवा. गळती असेल तिथे पावडर लगेच काळी पडते.