ग्राउट सीलिंगची नोंद: थेंब टिकला, कोपरा अडला

आज सकाळी ओट्यासमोरच्या फरशीत, दोन टाइलमधल्या सांध्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि घड्याळ लावून बसले. दहा मिनिटांनीही थेंब तसाच, मण्यासारखा फुगीर. फडक्यानं टिपला तर खालचं ग्राउट (टाइलमधल्या सांध्यात भरतात तो मसाला) कोरडं, रंग मूळचाच फिकट राखाडी. तीन आठवड्यांपूर्वी, सीलर (ग्राउटमध्ये पाणी मुरू नये म्हणून लावतात ते द्रव) लावायच्या आधी, याच जागी टाकलेला थेंब अर्ध्या मिनिटात मुरला होता आणि मागे काळपट ठिपका राहिला होता. एवढा फरक डोळ्यांनी बघितला आणि गुडघ्यांचं दुखणं विसरले.

स्वयंपाकघर पूर्ण झालं, न्हाणीघर एका कोपऱ्यापाशी अडलं आहे. तिथवर कशी पोचले ते सविस्तर लिहिते.

आमच्या टाइल चकचकीत ग्लेझच्या आहेत. त्या सीलर पितच नाहीत, त्यामुळे काम फक्त सांध्यांचं. ग्राउट सिमेंटचं. (एपॉक्सी, म्हणजे रेझिनचं ग्राउट असेल तर सीलरची गरज नाही, थेंब मुरतच नाही, त्यावरून अंदाज येतो.) सफाईला सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीचची पूड) कोमट पाण्यात कालवून सांध्यांवर ओतलं, पंधरा मिनिटं ठेवलं आणि नायलॉनच्या ब्रशनं घासलं. व्हिनेगर, लिंबू किंवा कुठलंही आम्ल मी सिमेंटच्या ग्राउटला लावत नाही. आम्ल सिमेंटलाच खातं आणि सांधा आणखी भुसभुशीत होतो. संगमरवर असेल तर दगडाची चकाकीही जाते.

घासण्यापेक्षा मळकं पाणी उचलणं महत्त्वाचं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सांधा टाइलपेक्षा खोल असतो. नुसतं पोछानं पुसलं की सुटलेला मळ पुन्हा त्याच खाचेत बसतो आणि वाळल्यावर वाटतं, सफाई झालीच नाही. आता घासलं की लगेच जाड सुती कपडा दाबून पाणी शोषून घेते, मग स्वच्छ पाण्यानं दोनदा धुते.

त्यानंतर वाळवणं. माझ्या मते सगळं काम इथेच ठरतं. स्वयंपाकघराला पंख्याखाली दोन दिवस दिले. न्हाणीघर तीन दिवस बंद ठेवलं, तरी वरून कोरडं दिसणाऱ्या सांध्यावर विश्वास ठेवला नाही. तळहाताएवढं पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवलं. सकाळी आतून दवासारखे थेंब दिसले किंवा खालचं ग्राउट गडद झालेलं असलं, तर ओल अजून आहे. ग्राउट नवं भरलं असेल तर पाकिटावर आणि सीलरच्या डब्यावर दिलेली मुदत पाळा, घाई करू नका.

सीलर मी आत मुरणारा घेतला, पाण्यात बनवलेला, सिलेन-सिलॉक्सेन या पाणी झटकणाऱ्या रसायनांचा. तो वर थर धरत नाही. ग्राउटच्या बारीक छिद्रांच्या भिंतींना लागतो आणि पाणी तिथे टिकत नाही, पण आतली वाफ बाहेर पडू शकते. चकचकीत थर देणारे सीलर दिसायला छान असतात. खाली ओल राहिली तर मात्र पांढुरके पडतात, पापुद्रे सुटतात. आणि आत मुरणाऱ्या सीलरनं फरशी जलरोधक होत नाही. सांडलेली हळद किंवा चहा पुसायला वेळ मिळतो, एवढंच. आणि तेवढं मला पुरेसं आहे.

बारीक ब्रशनं एका वेळी हातभर सांधा, पाच मिनिटं थांबून टाइलवरचं जास्तीचं पुसणं, मग पुढचा हातभर. फ्रिजसमोर मी लांबच लांब पट्टा एकदम लावला आणि पुसायला उशीर झाला. दिवसा काही दिसलं नाही. रात्री टॉर्च जमिनीला टेकवून आडवा प्रकाश टाकला तेव्हा टाइलवर बोटांच्या ठशांसारखी धुरकट साय दिसली. फडक्यावर ताजा सीलर घेऊन तीच जागा चोळली, साय सैल झाली आणि लगेच कोरड्या मायक्रोफायबरनं पुसून काढली. वाळून घट्ट बसायच्या आत हे केलं तर निघतं.

आता न्हाणीघराचा कोपरा. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथल्या ग्राउटला केसाएवढी भेग होती आणि कडेनं पांढरे क्षार फुटले होते. सलग चार सकाळी तिथल्या प्लास्टिकखाली थेंब मिळाले. क्षार आतल्या पाण्याबरोबर वर येतात, म्हणजे ओल आतून येते आहे. वरून सीलर लावून ती थांबणार नाही. शिवाय भिंत आणि फरशी वेगवेगळ्या हलतात, त्यामुळे त्या कोपऱ्यात कडक ग्राउट चिरतंच. तिथे लवचीक सिलिकॉन हवं. म्हणून कोपऱ्यातलं ग्राउट खरवडून काढलं, खाच ब्रशनं साफ केली आणि ती उघडीच ठेवली आहे. नळाच्या जोडापासून पाणी झिरपतंय का, ते आधी तपासणार. सलग तीन सकाळी प्लास्टिक कोरडं निघालं, की मगच सिलिकॉनची नळी उघडेन.