एका गिझरवर दोन घड्याळं

तक्रार तीन भागांत होती. सकाळी पाणी कोमट येतं, संध्याकाळी खोली तापलेली असते आणि वीज कंपनीच्या बचत योजनेत नाव घालूनही सवलत मिळत नाही. या योजनेत विजेची मागणी वाढते त्या वेळी कंपनीच घरातला गिझर आणि एसी दुरून चालवते आणि वापर घटला तर सवलत देते. गिझरचं एलिमेंट आधीच एकदा बदलून झालं होतं, विनाकारण.

पहाटे डीबी (घरातली फ्यूज-स्विचची पेटी) उघडून गिझरच्या वायरला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. 5:30 ला घरच्या टायमरने गिझर चालू केला: 8.7 अँपिअर, म्हणजे 230 व्होल्टवर पूर्ण 2 किलोवॉट. एलिमेंट उत्तम. बरोबर 6 वाजता टक्कन आवाज झाला आणि आकडा शून्यावर आला. हा कंपनीचा रिले, म्हणजे त्यांचा दुरून चालणारा स्विच. 6 ते 9 या गर्दीच्या वेळेत तो गिझर तोडतो. टायमर 6:30 पर्यंत ‘चालू’च दाखवत होता, त्यामुळे घरच्यांना शंकाच आली नाही.

हिशोब सरळ आहे. 50 लिटर पाणी 22 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 2.2 युनिट लागतात, म्हणजे 2 किलोवॉटच्या गिझरला 66 मिनिटं. इथे मिळत होती 30. पाणी जेमतेम 39 अंशांवर पोचायचं. प्रश्न फक्त आंघोळीचा नाही. टाकीतलं पाणी रोज 25 ते 45 अंशांत रेंगाळलं तर त्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात. बचतीच्या नादात हे कुणी विसरू नये.

एसीची गत वेगळी. कंपनी दुपारी 4 वाजता खोली 2 अंशांनी जास्त थंड करून ठेवते आणि संध्याकाळी 6 ते 8 मध्ये सेटिंग 3 अंशांनी वर नेते. पण घरच्या टायमरने एसी दुपारी 2 ते 6 बंद, त्यामुळे 4 चा आदेश वाया. 6 वाजता खोली 30 अंशांवर, कंपनीचं सेटिंग 27. म्हणजे नेमक्या गर्दीच्या वेळी कॉम्प्रेसर पूर्ण जोरात. सवलत आधीच्या तशाच दिवसांच्या सरासरीपेक्षा वापर किती घटला यावर ठरते. इथे घट होणार कुठून?

घरातल्या आजींनी विचारलं, “मग घरावर हुकूम कुणाचा चालायचा?”

मी म्हटलं, “आजी, गिझर कंपनीच्या हाती द्या. एसी तुमच्या हाती ठेवा.”

हे नुसतं मत नव्हतं, दुपारी तपासून पाहिलं होतं. खोली 24 वर आणून एसी बंद केला, तर 40 मिनिटांत 27 अंश झाले. वर तापलेला स्लॅब, पश्चिमेला खिडकी. गारवा साठवायला जागाच नाही. गिझरच्या टाकीभोवती मात्र चांगलं इन्सुलेशन असतं, तीन तासांत तापमान थोडंच उतरतं. शिवाय गरम पाणी पहाटे कधी तापलं याने कुणाचं काही बिघडत नाही. उकाडा मात्र त्या क्षणी अंगाला लागतो, त्यात घरात वयस्कर माणूस.

गिझरचा टायमर काढून टाकला, थर्मोस्टॅट 60 वर ठेवला आणि कंपनीकडून तापवण्याची वेळ पहाटे 4 ते 6 करून घेतली. एसी योजनेतून लेखी अर्ज देऊन बाहेर काढला, 26 वर ठेवला, सोबत पंखा. पश्चिमेचा पडदा 2 वाजल्यापासून ओढून ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी 8 वाजता, रिले तोडलेला असताना, नळाखाली थर्मामीटर धरला. 57 अंश.