उपद्व्याप कोणाचा?

काकांच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घराची मागच्या महिन्यात आवराआवर झाली. घर बिल्डरला दिलंय. तांब्या-पितळेची भांडी ज्याने त्याने उचलली, माझ्या वाट्याला माळ्यावरचा स्पूलचा, म्हणजे टेपच्या मोठ्या चकत्यांचा, टेपरेकॉर्डर आला. वाट्याला आला म्हणजे काय, तो दुसऱ्या कोणाला नकोच होता. साठच्या दशकातला, जर्मन बनावटीचा. ऑटोतून उतरवून दोन मजले चढवेपर्यंत माझी कंबर धरली.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजच्या पॉवर रूममध्ये गेली. तिथे सगळा कारभार ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर. त्यामुळे जुनं मशीन आणलं आणि लावलं प्लगला, हे माझ्या हातून होत नाही. आधी कव्हर उघडलं. मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या विजेच्या, वायरचं रबर बोट लावताच भुसभुशीत होऊन पडलं, ते बदललं. मग फ्यूज पाहिला. अर्ध्या अँपिअरचा काचेचा फ्यूज हवा तिथे कोणीतरी तांब्याच्या तारेचे तीन वेढे मारून ठेवले होते. अशा मेकॅनिकला मी आयुष्यभर शिव्या देत आलोय, यालाही दिल्या.

आता सिरीज बोर्ड. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मशीनच्या एका वायरमध्ये साधा तारेचा १०० वॉटचा बल्ब मालिकेत जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळा व्होल्टेज स्वतःवर घेतो, मशीन वाचतं. ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. थंड असताना या बल्बचा रेझिस्टन्स माझ्या मीटरवर ४० ओमच्या आसपास दिसतो, तापला की ५३० पर्यंत जातो, म्हणजे शॉर्ट असला की तापून स्वतःच करंट अडवतो, सगळी गंमत त्यात आहे. एलईडीमध्ये ती नाही. असा बल्ब आता मिळतो कुठे! इतवारीत चार दुकानं पालथी घातली. एक पोरगा म्हणतो, "एलईडी घेऊन जा ना काका, लाइट बिल वाचते." त्याला म्हटलं, मला बिल नाही, मशीन वाचवायचंय. मशीन म्हणजे काय हे सांगायला उन्हात उभं राहायची ताकद नव्हती.

बोर्डला जोडून मशीनचं बटण दाबलं आणि बल्ब लख्ख पेटला. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या, म्हणजे पुढे मशीनला जाणाऱ्या, वायरी सोडवल्या, तरी लख्ख. म्हणजे दोष प्रायमरीच्या, मेन्सकडच्या बाजूला. मीटर लावला तर ०.६ ओम, म्हणजे जवळजवळ शॉर्टच. पोटात गोळा आला. या ट्रान्सफॉर्मरचा जोड मिळणं शक्य नाही. बर्डीवर एका वाइंडिंगवाल्याला फोन केला तर त्याने न पाहताच "घेऊन या, चार दिवसांत भरून देतो" म्हटलं. न पाहता हो म्हणणाऱ्याची मला भीती वाटते, म्हणून गेलो नाही.

रात्री जेवण झाल्यावर सुचलं, आपण ट्रान्सफॉर्मर एकटा मोजलाच नाही. त्याचा एक पाय सोल्डरमधून सुटा केला आणि पुन्हा मोजलं: ३८ ओम. धडधाकट! ०.६ दाखवत होता तो त्याला समांतर जोडलेला छोटासा कंडेन्सर, मेन्समधला खरखराट गाळण्यासाठी असतो तो. मधाच्या रंगाचं पारदर्शक कवच, आणि भिंग धरून पाहिलं तर त्यावर उन्हाळ्यात टाचांना पडतात तशा बारीक भेगा. आत मेटल चढवलेला कागद असतो. भेगांतून दमट हवा शिरते, कागद ओल धरतो आणि कधीतरी शॉर्ट होतो. मशीन वापरलं नाही तरी भेगा पडतातच. म्हणून या जातीचा कंडेन्सर दिसला की मी आता मोजत बसत नाही, काढूनच टाकतो.

नवीन घ्यायला गेलो तर दुकानदार ४०० व्होल्टचा देत होता. "तुम्ही २७५ चा मागता, हा तर जास्तच आहे ना?" तो ४०० डीसीचा. आपले २३० व्होल्ट एसी शिखरावर ३२५ पर्यंत जातात, वर मेन्समध्ये येणारे झटके वेगळे. या जागी एक्स-टू वर्गाचा, २७५ व्होल्ट एसी असा छाप असलेलाच हवा. तो मेन्सवर कायम जोडलेला राहावा यासाठीच बनवलेला असतो आणि बिघडला तरी सहसा आग धरत नाही.

तो बसवल्यावर बल्ब शहाण्यासारखा मंद झाला. बोर्ड काढून थेट मेन्सवर घेतलं, तर सर्किटच्या कागदावर २४ व्होल्ट लिहिलेत तिथे २९. मागचा, व्होल्टेज निवडायचा सिलेक्टर २२० वर होता आणि आमच्याकडे रात्री भिंतीत २४३ असतात. सिलेक्टर २४० वर केला, साडेसव्वीस झाले. पुढे दोन मोठे फिल्टर कंडेन्सर बदलले, घुंईऽऽ गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरा छळ नंतर. वीस-पंचवीस मिनिटं चालायचं आणि ठप्प. दिवासुद्धा बंद. पेटीवर थाप मारली की चालू. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला, खोलीत कूलर चालू असून ३८ डिग्री, त्यामुळे माझा सगळा संशय उष्णतेवर. ट्रान्सफॉर्मरसमोर टेबलफॅन लावून बसलो दोन दुपारी. बायको म्हणाली, माझ्यासाठी कधी लावला नाही.

तिसऱ्या दिवशी मीटर एसीवर ठेवून, मशीन चालू असताना, बटणाच्या स्विचच्याच दोन टोकांना लावला. (एक हात खिशात, म्हणजे शॉक लागला तरी छातीतून आरपार जात नाही. हे मी पोरांनाही सांगतो.) स्विच जुळलेला असेल तर दोन टोकांत शून्य यायला हवं. इथे काटा ४०, ६०, १५ असा नाचत होता. तेवढे व्होल्ट त्या स्विचमध्येच जळत होते. उघडला तर काँटॅक्ट काळे आणि खड्डे पडलेले.

कारण शेजारीच होतं. मोटार बंद करताना स्विचमध्ये ठिणगी पडते, ती गिळायला स्विचच्या दोन टोकांना एक कंडेन्सर असतो. त्याचा एक पाय कोणीतरी कापून टाकला होता! वर्षानुवर्षं प्रत्येक वेळी ठिणगी काँटॅक्टवर. पुन्हा त्या अज्ञात मेकॅनिकचा उद्धार केला. कापलेल्या टोकावर त्याने काळी रबरी नळी चढवून पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारली होती.

ती नळी सायकलची वाल ट्यूब होती. आणि गाठ शिवणाच्या दोऱ्याची.

मी अकरावीत असताना स्लीव्ह, म्हणजे उघड्या वायरवर चढवायची नळी, घ्यायला पैसे नसायचे. प्रत्येक जोडावर मी वाल ट्यूब चढवायचो आणि आईच्या डब्यातल्या दोऱ्याने बांधायचो.

काकांना फोन लावला. चौऱ्याऐंशीचे आहेत, पण स्मरण माझ्यापेक्षा बरं.

"मग! तूच तं होता. बटण बंद केलं तरी फिरून राहिलं होतं, म्हणून तू कात्रीनं काहीतरी कापलं. मी म्हटलं, पोरगं हुशार आहे."

बरोबर आहे. तो कंडेन्सर शॉर्ट झाला असणार. मग बटण बंद करून उपयोग काय! कापल्यावर मशीन बंद व्हायला लागलं आणि मला पाच रुपये मिळाले होते, हेही आठवलं.

"आणि काका, फ्यूजमध्ये तार?"

"ते मी. दुकानं बंद होती बे त्या दिवशी. मग महिन्याभरात जळका वास आला, धूर निघाला, टाकला माळ्यावर."

स्विच नवा बसवला, त्यावर कंडेन्सरसोबत १०० ओमचा रेझिस्टर जोडला, फ्यूज अर्ध्या अँपिअरचा टाकला. काल तीन तास सलग चालला. मोटार फिरते, स्पूल फिरत नाही, कारण बेल्टचं वितळून डांबर झालंय. काकांना तसं सांगितलं.

"अजून काय काय कापलं होतं, ते आधी पाहून घे," म्हणाले.