मॅटलॅबमधून पायथन चालवताना: चूक बहुधा तुमच्या पायथन कोडमध्ये नसते

टर्मिनलमध्ये निमूट चालणारी पायथनची फाईल मॅटलॅबमधून बोलावली की ‘अनेबल टु रिझॉल्व्ह द नेम’ अशी लाल ओळ येते. मग बहुतेक जण पायथनची फाईल उघडून तिच्यात खोट शोधत बसतात. खोट तिथे क्वचितच असते. मॅटलॅब पायथनला वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालवत नाही, निदान मुळात तरी नाही. ते पायथनचा इंटरप्रिटर स्वतःच्याच प्रोसेसमध्ये चढवून घेतं. एका घरात दोन चुली मांडल्या जातात, आणि भांडण पदार्थावरून नाही तर भांड्यांवरून होतं. म्हणून आधी विचारायचं ते हे: नेमकं कुठलं पायथन चढलंय, आणि कोणाची लायब्ररी आधी चढलीये.

पहिल्याचं उत्तर ‘पायएन्व्ह’ ही आज्ञा देते (मॅटलॅबच्या आर२०१९बी या आवृत्तीपासून, त्याआधी ‘पायव्हर्जन’ होती). ती नुसती टाईप करा आणि चार गोष्टी नीट वाचा: व्हर्जन, एक्झिक्यूटेबल, लायब्ररी, स्टेटस. एक्झिक्यूटेबलचा पत्ता तुम्ही पिपने (पायथनची पॅकेजं उतरवणारं साधन) पॅकेज टाकलेल्या एन्व्हायर्नमेंटचाच, म्हणजे त्याच पायथनचा, आहे का? अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात, कारण पॅकेज एका पायथनमध्ये असतं आणि मॅटलॅब दुसऱ्याच पायथनकडे पाहत असतं. व्हर्जन रिकामं असेल तर मॅटलॅबला पायथन सापडलेलंच नाही. लिनक्सवर लायब्ररीचा रकाना रिकामा दिसला तर ते पायथन शेअर्ड लायब्ररीशिवाय (दुसऱ्या प्रोग्रॅमला आपल्यात चढवता येईल अशा फाईलीशिवाय) बांधलेलं आहे. स्वतः कंपाईल करताना ‘एनेबल-शेअर्ड’ हा पर्याय द्यावाच लागतो. पायएन्व्ह वापरून पायथन टाकणाऱ्यांना (पायथनच्या जगातलं त्याच नावाचं साधन, मॅटलॅबच्या आज्ञेशी त्याचा संबंध नाही) हे हमखास भोवतं.

आवृत्त्यांची जोडी जुळणंही सक्तीचं आहे. मॅटलॅबच्या आर२०२१बी ला पायथन ३.७ ते ३.९ चालतं, आर२०२३ए ला ३.८ ते ३.१०, आर२०२३बी आणि आर२०२४ए ला ३.९ ते ३.११, आर२०२४बी ला ३.९ ते ३.१२. कॉलेजच्या लॅबमध्ये चार वर्षं जुनं मॅटलॅब आणि त्यावर कालच उतरवलेलं ताजं पायथन, हे लग्न लागत नाही. पायथन सीपायथनच (नेहमीचं, मूळ पायथन) हवं, ६४ बिटच हवं, आणि विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं नको. पायथनच्या अधिकृत साइटवरचा इन्स्टॉलर घ्या. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर आणखी एक जोडी बघावी लागते: इंटेलसाठीच्या मॅटलॅबला इंटेलसाठीचंच पायथन, आणि नेटिव्ह मॅटलॅबला (आर२०२३बी पासून) नेटिव्ह पायथन.

मॅटलॅबच्या पायएन्व्ह आज्ञेने आवृत्ती बदलायची तर स्टेटस ‘नॉटलोडेड’ असतानाच. पायथन मॅटलॅबच्याच प्रोसेसमध्ये एकदा ‘लोडेड’ झालं की मॅटलॅब बंद करून पुन्हा उघडण्यावाचून इलाज नाही. केलेली निवड मात्र पुढच्या वेळीही लक्षात राहते.

पायथन बरोबर आहे, पॅकेजही त्यातच आहे, तरी लाल ओळ जात नाही? मग ती ओळ खोटं बोलतेय. ‘पाय डॉट माझंमॉड्यूल डॉट फंक्शन’ असं लिहिलं की मॅटलॅब मॉड्यूल इम्पोर्ट करून बघतं, आणि आत काहीही बिघडलं, अगदी फाईलमधली इंडेंटेशनची चूक असली तरी, वर फक्त ‘नाव सापडलं नाही’ एवढंच सांगतं. खरं कारण हवं तर ‘पाय.इम्पोर्टलिब.इम्पोर्ट_मॉड्यूल’ ला मॉड्यूलचं नाव अवतरणात देऊन बोलवा. आता पायथनचा मूळ एरर दिसेल: सिंटॅक्सची चूक, नसलेलं पॅकेज, किंवा ‘डीएलएल लोड फेल्ड’.

हा शेवटचा एरर विंडोजवर कोंडाचं (पायथन आणि पॅकेजं सांभाळणारं आणखी एक साधन) एन्व्हायर्नमेंट वापरणाऱ्यांचा. कोंडा डीएलएल फायली (विंडोजवरच्या शेअर्ड लायब्ररी) एन्व्हायर्नमेंटच्या ‘लायब्ररी\बिन’ फोल्डरमध्ये ठेवतं, आणि ते फोल्डर पाथमध्ये येतं ॲक्टिव्हेट केल्यावर. स्टार्ट मेनूतून उघडलेल्या मॅटलॅबला त्याचा पत्ताच नसतो. ॲनाकोंडा प्रॉम्प्टमध्ये एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट करा आणि तिथूनच ‘मॅटलॅब’ टाईप करून ते उघडा.

आता खरी डोकेदुखी, लिनक्सवरची. मॅटलॅब स्वतःची लिबस्टडीसी++ (सी++ ची प्रमाण लायब्ररी) सोबत आणतं आणि लायब्ररी शोधण्याच्या पाथमध्ये आपली फोल्डरं पुढे लावतं. पायथनचं एखादं पॅकेज त्याहून नव्या कंपायलरने बांधलेलं असलं की ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.अमुक नॉट फाउंड’. मॅटलॅबच्या फोल्डरमधली ती फाईल उडवायचा सल्ला जागोजागी मिळेल. माझं मत विचाराल तर फाईलला हात लावू नका. मॅटलॅब सुरू करतानाच ‘एलडी_प्रीलोड’ मध्ये सिस्टीमच्या लिबस्टडीसी++ चा पत्ता द्या. नवी लिबस्टडीसी++ जुन्या कोडला सांभाळून घेते, उलटं होत नाही.

त्याहून वाईट प्रकार एमकेएलचा (इंटेलची गणिताची लायब्ररी), कारण तिथे एररही येत नाही, मॅटलॅबच कोसळतं. लक्षण ओळखण्यासारखं आहे: नमपाय (पायथनचं ॲरेंसाठीचं पॅकेज) इम्पोर्ट होतो, ॲरे बनतो, बेरीजही होते, पण त्याच्या ‘लिनॅल्ग’ (मॅट्रिक्सचं गणित) मधलं काही बोलावलं की सेगमेंटेशन फॉल्ट. मॅटलॅबची एमकेएल ६४ बिटी पूर्णांकांसाठी बांधलेली असते, कोंडाच्या नमपायला ३२ बिटी हवी असते. फंक्शनांची नावं दोन्हीकडे तीच. लिंकर आधी चढलेली पकडतो, म्हणजे मॅटलॅबची, आणि मॅट्रिक्सचा आकार म्हणून भलताच आकडा वाचला जातो. लिनक्सवरचा उपाय एका ओळीचा: नमपायला हात लावण्याआधी ‘पाय.सिस.सेटडीएलओपनफ्लॅग्ज’ ला इंट३२ मधला १० द्या. १० म्हणजे २ अधिक ८, आरटीएलडी_नाऊ आणि आरटीएलडी_डीपबाइंड. यातल्या दुसऱ्यामुळे पॅकेज आधी स्वतःच्या लायब्ररीत बघतं. पिपने आणलेला नमपाय एमकेएलऐवजी ओपनब्लास ही लायब्ररी वापरतो, त्याच्यात ही भानगड सहसा होत नाही.

‘ओएमपी एरर १५’ (ओपनएमपी ही समांतर गणनेची लायब्ररी दोनदा चढल्याचा) आला तर नेटवर ‘केएमपी_डुप्लिकेट_लिब_ओके’ ला ट्रू करायचा तोडगा मिळतो. खुद्द तो एररच बजावतो की याने निकाल गुपचूप चुकू शकतात. प्रबंधातले आकडे त्यावर काढू नका.

या सगळ्यावरचा सरळ मार्ग म्हणजे चुली वेगळ्या करणं: पायएन्व्हला एक्झिक्यूशनमोड ‘आउटऑफप्रोसेस’ द्या. पायथन वेगळ्या प्रोसेसमध्ये जातं, लायब्ररींची टक्कर संपते, पायथन कोसळलं तरी मॅटलॅब उभं राहतं. वर ‘टर्मिनेट(पायएन्व्ह)’ म्हणून ते मारून पुन्हा सुरू करता येतं, त्यामुळे बदललेली फाईल नव्याने वाचली जाते. किंमत वेगाची: प्रत्येक हाकेला डेटा इकडून तिकडे जातो. लूपमध्ये हजारदा बोलावण्यापेक्षा लूपच पायथनमध्ये न्या. नव्या कामाला मी हाच मोड आधी लावायला सांगेन.

डेटाच्या चुका त्यामानाने सौम्य. मॅटलॅबमध्ये ५ लिहिलं की तो डबल, आणि पायथनला मिळतो ५.०. म्हणून ‘पाय.रेंज(५)’ वर ‘फ्लोट ऑब्जेक्ट कॅनॉट बी इंटरप्रिटेड ॲज ॲन इंटिजर’, इंट३२(५) द्या. मॅटलॅबमध्ये एकमितीय ॲरे नसतोच, कॉलम व्हेक्टर पलीकडे (३,१) असा द्विमितीय पोचतो, तेव्हा पायथनच्या फंक्शनात पहिल्याच ओळीला शेप छापून बघा आणि गरज असेल तर ‘रॅव्हल’ करा. परत येणारी लिस्ट ‘सेल’ ने, स्ट्रिंग ‘स्ट्रिंग’ ने, नमपायचा ॲरे ‘डबल’ ने उलगडा. नावाने द्यायचे आर्ग्युमेंट ‘पायआर्ग्ज’ मधून. आर२०२२ए पासून बरोबरच्या चिन्हाने सरळ लिहिता येतात.

एवढं करूनही जमलं नाही तर फाईलीतून देवाणघेवाण करण्यात कमीपणा नाही. मॅटलॅबमध्ये ‘सेव्ह’ करताना ‘-व्ही७’ द्या, ‘-व्ही७.३’ ची फाईल सायपाय या पायथन पॅकेजच्या ‘लोडमॅट’ ला वाचता येत नाही, कारण ती आतून एचडीएफ५ या वेगळ्या फॉरमॅटची असते. मग ‘सिस्टीम’ आज्ञेने पायथन चालवा. लिनक्सवर मात्र त्या आज्ञेलाही मॅटलॅबचा ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ वारशाने मिळतो आणि लिबस्टडीसी++ चं तेच रडगाणं पुन्हा सुरू होतं, तेव्हा आज्ञेच्या सुरुवातीलाच तो रिकामा करून मग पायथनचा पूर्ण पत्ता लिहा.