मिनी लेथला डॉग चक बसवला

लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र) ७ बाय १४ इंची: बेडवर १८० मिमी व्यासाचा जॉब (कापायचा तुकडा) फिरतो, स्पिंडलचं, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं भोक २० मिमी, आत मोर्स ३ टेपर (ठरावीक मापाचा निमुळता उतार). सोबत ८० मिमीचा थ्री जॉ, म्हणजे तीन जबड्यांनी जॉब धरणारा आपला ट्रू चक आला होता. गोल बारची रोजची कामं त्यावर झटपट होतात. पण जॉब सोडून परत धरला की पाच-सहा शतांश मिमी आउट चालतोच, आणि अशा सगळे जॉ एकदम सरकणाऱ्या साध्या स्क्रोल चककडून याहून जास्त मागूही नये.

वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलसाठी एक्सेंट्रिक (भोक मध्यापासून बाजूला असलेली चकती) करायचा होता, म्हणून फोर जॉ इंडिपेंडंट, म्हणजे डॉग चक घेतला, १०० मिमीचा. १२५ चा खुणावत होता, पण एवढं वजन लहान बेअरिंगवर कशाला टाकायचं? शिवाय जॉ बाहेर आले की बेडला लागायची धास्ती. १०० चा असला तरी मोटर लावण्याआधी हाताने एक फेरा फिरवून बघाच.

बिडाची बॅक प्लेट (चक स्पिंडलला जोडणारी चकती) आपल्याच स्पिंडलवर चढवून फेसिंग केली, म्हणजे तोंड सपाट कापलं, चकच्या मागे बसणारा खांदा काढला. डॉग चकचा प्रत्येक जॉ वेगळा सरकतो, त्यामुळे खांदा किंचित सैल चालतो. फेस मात्र खरा हवा, नाहीतर बार तिरका धरला जातो.

सेंटरिंगला लोक उगाच घाबरतात. समोरासमोरचे दोनच जॉ बघायचे. एकापाशी डायल (जॉबला टेकवायचं काट्याचं मापक) शून्य केली, अर्धा फेरा दिला, काटा ४० वर. म्हणजे जॉब २० सरकवायचा: एक जॉ जरासा सैल, लगेच समोरचा आवळायचा. मग दुसरी जोडी, मग पुन्हा पहिली. हात बसला की एका शतांशाच्या आत येतो. आणि त्या क्षणी जो आनंद होतो तो होतोच!

एक्सेंट्रिकला ४ मिमी ऑफसेट हवा, म्हणजे डायल एकूण ८ मिमी हलली पाहिजे. तिथे १० मिमी चालीची डायलच लागते. जॉब एका बाजूला जड असल्याने आरपीएम कमी ठेवला, सुरुवातीचे कट हलके घेतले.

आता ईआर ३२ कॉलेट चक (चिरा पाडलेल्या बाहीने बार सगळीकडून आवळणारा) घ्यायचाय. मोर्स टेपरवाला स्वस्त पडतो, पण त्याला मागून ओढून धरणारा ड्रॉ बार स्पिंडलचं भोक अडवतो आणि लांब बार मागून घालता येत नाही. त्यामुळे स्पिंडलच्या तोंडावर बोल्टने बसणारा फ्लॅंजवालाच घेणार.