चॅनेल सोळा, माईक बाराच

अंबाजोगाईतल्या माझ्या छोट्या स्टुडिओत यामाहाचा ०१व्ही९६ मिक्सर आहे, सेकंडहँड घेतलेला. घेताना सोळा सॉकेटं मोजली आणि खूश झालो. घरी आणल्यावर कळलं की माईक प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) पहिल्या १२ इनपुटनाच. १३ ते १६ नुसती लाइन इनपुटं, म्हणजे आधीच मोठ्या असलेल्या सिग्नलसाठी. कीबोर्डला ठीक, माईक लावला की कुजबुज.

एखाद्या गायकाला बारा पुष्कळ. पण आषाढीच्या आधी भजनी मंडळ आलं. चार गाणारे, सहा टाळकरी, पेटी, वीणा, पखवाजाच्या शाई आणि धुमा या दोन तोंडांना दोन, वर खोलीचे दोन. झाले सोळा.

मिक्सरमध्ये जादा इन-आउटचं कार्ड बसवायला स्लॉट एकच, आणि मला दोन गोष्टी हव्या होत्या : जास्तीचे माईक आत, आणि सोळाही ट्रॅक सुटेसुटे कॉम्प्युटरमध्ये. या मॉडेलला यूएसबीवरून ऑडिओ जात नाही. ती सोय पुढच्या ०१व्ही९६आयमध्ये आली. सुदैवाने एडॅटचं (एका ऑप्टिकल वायरीतून आठ डिजिटल चॅनेल नेणारी पद्धत) ऑप्टिकल इन-आउट मिक्सरमध्येच आहे, स्लॉट अडत नाही. तिथे आठ चॅनेलचा प्रीअँप जोडला, स्लॉटमध्ये सोळा चॅनेलचं एडॅट कार्ड बसवलं, त्यातून दोन ऑप्टिकल वायरी कॉम्प्युटरच्या इंटरफेसला. (पहिला तासभर आवाजच नाही. वायरीच्या टोकाची पारदर्शक टोपी काढायची राहिली होती.) ९६ किलोहर्ट्झचा (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने, म्हणजे सँपल) मोह आवरला, कारण तिथे एका ऑप्टिकल वायरीत आठाऐवजी चारच चॅनेल मावतात. ४८ वर ठेवलं.

दोन अभंग झाले. ऐकताना विणेकरी महाराज म्हणाले, "भाऊ, टाळ कोण चुकवायलंय?" कुणीच नव्हतं. सगळे थांबतात त्या जागी बारीक टिक्... टिक्. सहा टाळांच्या गजरात मला ते कळलंच नव्हतं. एक-एक ट्रॅक सोलो करून पाहिला. पहिले बारा स्वच्छ, प्रीअँपवरून आलेले चारच खराब. म्हणजे दोष माईकचा नाही, क्लॉकचा, सँपलचा ताल धरणाऱ्या घड्याळाचा. मिक्सर स्वतःच्या ४८ वर, प्रीअँप स्वतःच्या ४८ वर. आकडा एकच, पण दोघांची घड्याळं वेगळी, एखादं सँपल मागेपुढे झालं की टिक्.

प्रीअँपला वर्डक्लॉकचं, म्हणजे दुसऱ्या यंत्राचं घड्याळ घ्यायचं, बीएनसी (फिरवून बसवायचं गोल) इनपुट होतं. त्याला ७५ ओहमची वायर लागते. पुण्याहून मागवायच्या बेतात होतो, पण सीसीटीव्ही कॅमेऱ्याची वायरही ७५ ओहमचीच. बसस्टँडमागच्या दुकानदाराने दोन मीटर आरजी-५९ कापून दोन्ही टोकांना बीएनसी बसवून दिलं. "कॅमेरा कुठं लावायलाव?" म्हणाला. म्हटलं, पखवाजाला.

मिक्सर मास्टर ठेवला, म्हणजे घड्याळ सगळ्यांना त्याचंच : प्रीअँपला बीएनसीवरून, इंटरफेसला एडॅटवरून. मंडळी चहाला गेली होती, त्यांना परत बसवलं आणि दोन्ही अभंग पुन्हा घेतले. महाराजांनी हेडफोन लावून फक्त थांबायच्या जागा ऐकल्या. मग म्हणाले, "आता पंखा ऐकू येतोय."